वस्ती वाढते, तळे गुदमरते

जबलपूर शहराचे पत्ते तलावांच्या नावांनी सांगितले जातात. राणीताल, चेरीताल, अधारताल, हनुमानताल, भंवरताल, मढाताल. ‘बावन ताल, चौऱ्याऐंशी तलैया’ असे या गावाचे वर्णन लोक आजही करतात. मदनमहालच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवरून उतरणारे पावसाचे पाणी जागोजाग अडवून गढ्याच्या गोंड राजांनी ही जलव्यवस्था उभी केली. संग्रामसागर संग्रामशहाच्या नावाचा, राणीताल राणी दुर्गावतीच्या नावाचा, चेरीताल तिच्या दासीच्या आणि अधारताल तिचे दिवाण अधारसिंह कायस्थ यांच्या नावाचा. १५६४ मध्ये राणी रणांगणात पडली. पुढे मराठ्यांचा अंमल आला, १८१७ मध्ये इंग्रज येईपर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होते, आणि इतक्या उलथापालथीतही तलाव टिकले. ते बुजू लागले अलीकडच्या काळात. राणीतालच्या जागी क्रीडासंकुल आले, भंवरतालची बाग झाली, चेरीताल आणि मढाताल आता वस्तीची नावे म्हणूनच उरली. तलाव बुजवणे डोळ्यांना दिसते, त्यावर ओरड होते, कधी न्यायालय दखल घेते. पण जे तलाव वाचले त्यांच्यावर आलेले संकट असे दिसत नाही. त्यांच्यात माती टाकली जात नाही. काठावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक नव्या कॉलनीतून खत टाकले जाते. नव्या वस्तीला परवानगी देताना या खताचा हिशोब कोणी मागत नाही, आणि तो मागितल्याशिवाय इथले एकही तळे, एकही छोटी नदी वाचणार नाही, हे या लेखाचे म्हणणे आहे.

हे खत म्हणजे नत्र आणि स्फुरद. शेतकऱ्याला ही नावे नवी नाहीत. युरियातून आणि डीएपीतून तो हीच द्रव्ये पिकाला देतो. माणूस जे खातो त्यातले बहुतेक नत्र आणि स्फुरद शेवटी मलमूत्रातून बाहेर पडते. माणशी रोज सुमारे १० ग्रॅम नत्र आणि किमान १ ग्रॅम स्फुरद. कपडे-भांडी धुण्याच्या पावडरींमधले स्फुरद वेगळे. २०११ च्या जनगणनेत जबलपूर महानगराची लोकसंख्या १२ लाख ६७ हजारांवर होती. तेवढ्या लोकांचाच हिशोब केला तरी शहर रोज साडेबारा टन नत्र आणि सव्वा टन स्फुरद बाहेर टाकते. त्यातले नत्रच युरियाच्या सुमारे ६०० गोण्यांइतके भरते. शेतात ही संपत्ती आहे. तळ्यात मात्र तिच्यावर शेवाळ पोसते. शेवाळाला सूर्यप्रकाश आणि कार्बन फुकट मिळतात. त्याची वाढ रोखून धरणारी गोष्ट म्हणजे गोड्या पाण्यातली स्फुरदाची टंचाई. ती टंचाई आपण संपवतो.

याचा लखलखीत पुरावा कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या एका सरोवराने दिला. १९७३ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी ‘सरोवर २२६’ या डमरूच्या आकाराच्या सरोवराच्या चिंचोळ्या कमरेत प्लॅस्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र टाकले, दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि स्फुरद. स्फुरद न पडलेला भाग पूर्वीसारखा राहिला. दुसरा हिरव्या शेवाळाने भरून गेला. विमानातून घेतलेल्या त्या छायाचित्राने अनेक देशांची धोरणे बदलली. रसायनशास्त्राचा साधा हिशोब मांडला तर १ ग्रॅम स्फुरदावर सुमारे १०० ग्रॅम सुके शेवाळ वाढू शकते, आणि ते मेल्यावर कुजताना १४० ग्रॅमच्या आसपास प्राणवायू खाते. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू असतो. म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या स्फुरदात १८-१९ हजार लिटर पाण्याचा प्राणवायू संपवण्याची ताकद आहे. पहाटेच्या सुमारास मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात आणि एखाद्या दिवशी सगळे एकदम मरून तरंगतात, त्यामागे बहुधा कोणाचे विष नसते. रात्रभर शेवाळाने आणि कुजणाऱ्या गाळाने प्राणवायू संपवलेला असतो. त्याआधीच तळातल्या पाणवनस्पती उजेडाअभावी गेलेल्या असतात, त्यांच्यात अंडी घालणारे मासे गेलेले असतात, आणि त्या माशांवर जगणारे पक्षी दुसरीकडे उडालेले असतात. काही निळे-हिरवे शेवाळ तर स्वतःच विषारी द्रव्ये सोडते. कोल्हापूरच्या रंकाळ्याचे पाणी हिरवेगार होऊन दुर्गंधी सुटली, ती याच जातीच्या शेवाळाने आणि तलावात येणाऱ्या सांडपाण्याच्या नाल्यांमुळे.

आता नव्या वस्तीकडे येऊ. १० हेक्टरांचा, सरासरी ३ मीटर खोल असा एक तलाव डोळ्यांपुढे आणा. त्यात ३० कोटी लिटर पाणी मावते. पाण्यात लिटरमागे ३५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त स्फुरद झाले की ते अतिपोषित समजावे, असा सर्वमान्य निकष आहे. या तलावाची ती मर्यादा गाठायला साडेदहा किलो स्फुरद पुरते. काठावर ५०० घरांची, अडीच हजार माणसांची कॉलनी झाली आणि तिचे सांडपाणी नाल्यातून तलावात आले, तर साडेदहा किलो जमायला चार-पाच दिवस लागतात. समजा कॉलनीने उत्तम दर्जाचा प्रक्रिया प्रकल्प उभारला आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे केवळ १ मिलिग्रॅम स्फुरद ठेवले. माणशी १०० लिटर पाणी धरले तर रोज पाव किलो स्फुरद तलावात जाईल आणि मर्यादा सहा आठवड्यांत ओलांडली जाईल. ओसंडून जाणारे किंवा गाळात बसणारे थोडे वजा केले तरी निष्कर्ष बदलत नाही, कारण गाळात बसलेले स्फुरद संपत नाही. तळाशी प्राणवायू संपला की ते पुन्हा पाण्यात उतरते. कायदा प्रत्येक नळीच्या तोंडाशी लिटरमागे किती मिलिग्रॅम, एवढेच विचारतो. तळ्याला मात्र एकूण किती किलो आले यानेच फरक पडतो. दहा कॉलन्यांनी प्रत्येकी नियम पाळला तरी दहांची बेरीज तलावाला मारते. आपल्या व्यवस्थेची मुख्य उणीव ही आहे.

नियमांचीच स्थिती पाहू. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये सांडपाणी प्रक्रियेची जी मानके अधिसूचित केली, त्यांत नत्र आणि स्फुरद यांना मर्यादाच ठेवली नाही. आधीच्या मसुद्यात असलेली नत्राची अट गळून गेली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात तज्ज्ञ समितीची कडक मानके उचलून धरली: एकूण नत्र लिटरमागे १० मिलिग्रॅम, आणि तळ्यात-तलावात सोडायचे असेल तर स्फुरद १ मिलिग्रॅम. हे पाऊल मोठे होते, पण तेही प्रमाणाचेच, एकूण भाराचे नाही. बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते ती २००६ च्या अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर बांधकामापासून पुढे. त्याखालच्या लेआउटला ती लागत नाही, आणि शहराच्या कडेला उगवणाऱ्या बहुसंख्य वसाहती त्याखालच्याच असतात. २०१७ च्या पाणथळ नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव आपल्या व्याख्येबाहेर ठेवले. माणसाने बांधलेल्या जबलपूरच्या तलावांना त्या संरक्षणाचा आधार मिळेलच असे नाही. नर्मदेच्या काठापासून ३०० मीटरांपर्यंत बांधकामावर निर्बंध आहेत आणि त्यांवरून उच्च न्यायालयात वादही झाले. पण अंतराच्या नियमाने दृश्य वाचते, पाणी वाचतेच असे नाही. चार किलोमीटर दूरच्या कॉलनीचे नत्र-स्फुरद नाल्यातून काही तासांत काठावर पोचते.

‘प्रक्रिया प्रकल्प बांधले की झाले’ हा यावरचा पहिला आक्षेप. प्रक्रिया हवीच, तिच्याशिवाय रोगजंतू आणि दुर्गंधी हटत नाही. पण नेहमीचे प्रकल्प सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी बांधलेले असतात. त्यांतून विरघळलेले नत्र-स्फुरद बरेचसे तसेच पुढे जाते. ते काढायला वेगळ्या जैविक टप्प्यांची किंवा रसायनांची सोय लागते. सेप्टिक टँकमध्ये तर गाळ तेवढा खाली बसतो, पोषकद्रव्ये निचऱ्याच्या पाण्याबरोबर निघून जातात. अमेरिकेत सिअॅटल शहराशेजारच्या लेक वॉशिंग्टनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक प्रकल्पांचे प्रक्रिया केलेले पाणी येत होते, तरी सरोवर शेवाळले. १९६३ ते १९६८ या काळात ते सगळे पाणी सरोवरापासून वळवले, आणि काही वर्षांतच पाणी निवळले. प्रक्रिया होऊनही बिघडलेले सरोवर भार थांबताच सुधारले, हा त्या शहराचा धडा.

‘जलपर्णी काढा, शेवाळ काढा, तलाव स्वच्छ होईल’ हा दुसरा लोकप्रिय उपाय. या बाबतीत जबलपूर भाग्यवान म्हणावे, कारण तणांवर संशोधन करणारी देशाची संस्था, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे खरपतवार अनुसंधान निदेशालय, याच शहरात अधारतालच्या परिसरात आहे. जलपर्णी खाणारे भुंगे आणि साल्विनिया नावाच्या तरंगत्या तणावर जगणारा सूक्ष्म सोंडकिडा यांवर तिथे काम झाले. साल्विनियाने झाकलेला शेजारच्या कटनी जिल्ह्यातला तलाव त्या किड्याने मोकळा करून दाखवला. हे काम अभिमानाचे आहे. पण भुंग्याने खाल्लेल्या जलपर्णीतले नत्र-स्फुरद तळ्यातच राहते. वरून आवक चालू असेल तर एका तणाची जागा दुसरे तण घेते. यंत्राने उपसून काठावर टाकलेली जलपर्णी पहिल्या पावसात पुन्हा पाण्यात निचरते. उपसा आवश्यक असला तरी तो आवक बंद केल्यानंतरचा उपाय आहे.

‘नर्मदा एवढी मोठी आहे, तिला काय होणार?’ हा तिसरा आक्षेप, आणि त्यामागे श्रद्धा आहे म्हणून त्याला आदराने उत्तर द्यायला हवे. परिक्रमेला निघालेले मराठी भाविक ग्वारीघाटावर उतरतात, भेडाघाटचा धुवांधार पाहतात, तेव्हा हे पाणी अजेय वाटते. पण शहराच्या वर १९९० पासून बरगी धरण आहे आणि खाली इंदिरासागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी जलाशयांची माळ आहे. वाहती नदी बरेच काही पोटात घेते. थांबलेले पाणी ते साठवते. जबलपूरने सोडलेले स्फुरद गाळाला चिकटून खालच्या कुठल्या तरी जलाशयात बसणार. मध्यप्रदेशाचा राज्य मासा महाशीर स्वच्छ, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यावर जगतो, आणि नर्मदेत तो आता दुर्मिळ होत चालला आहे. धरणे आणि मासेमारी ही त्याची मोठी कारणे, म्हणूनच त्यात आणखी एक भर घालणे परवडणारे नाही. शिवाय नदीच्या आधी तिच्या उपनद्या मरतात. परियट नदी हिरनला मिळते आणि हिरन नर्मदेला. शहर पसरले तशा म्हशींच्या डेअऱ्या कडेला गेल्या आणि परियट-गौर नद्यांच्या काठी वसल्या. एका म्हशीच्या शेणमुतातले नत्र सात-आठ माणसांइतके तरी असते. त्यामुळे हजार म्हशींचा गोठा म्हणजे विनापरवाना वसलेले एक छोटे गावच. शेण नदीत सोडण्याचे हे प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. त्याच परियटमध्ये मगरींचा अधिवास आहे, हे बाहेरच्या फार थोड्या लोकांना माहीत असते.

मग करायचे काय, याचे उत्तर इतर देशांनी चुका करत शोधले आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने नेदरलँड्सच्या नत्र-खटल्यात सांगितले की आधीच बिघडलेल्या अधिवासात नवी भर घालायची असेल, तर ती निरुपद्रवी आहे याची खात्री परवानगीआधी हवी. पुढे कधी तरी सुधारू, हे आश्वासन पुरेसे नाही. इंग्लंडमध्ये यातून एक पद्धत उभी राहिली. २०२२ पर्यंत ७४ स्थानिक नियोजन संस्थांच्या हद्दीत बिल्डरला दाखवावे लागू लागले की आपल्या प्रकल्पातून वर्षाला किती किलो नत्र-स्फुरद वाढेल आणि तेवढेच त्याच पाणलोटात दुसरीकडे कसे कमी केले जाईल. काहींनी कृत्रिम पाणथळी बांधल्या, काहींनी खत घालून पिकवली जाणारी जमीन मोकळी सोडली, लहान बिल्डरांनी अशा कामांचे हिस्से विकत घेतले. घरबांधणी उद्योगाने लाखाहून अधिक घरे अडकल्याचे सांगितले, सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये हा नियम सैल करायचा प्रयत्न केला आणि वरिष्ठ सभागृहाने तो हाणून पाडला. पण त्याच वर्षीच्या कायद्याने पाणी कंपन्यांना २०३० पर्यंत प्रकल्प सुधारायला बांधून घेतले. भर घालणाऱ्याला थांबवायचे आणि जुन्या भाराची जबाबदारी मोठ्या यंत्रणेवर टाकायची, या दोन्ही गोष्टी बरोबरच कराव्या लागतात, हे त्यातून दिसले.

‘श्रीमंत देशांचे चोचले गरीब देशाला कशाला? घरे महाग होतील,’ हा सगळ्यांत गंभीर आक्षेप. घराची गरज खरी आहे आणि तिची थट्टा करता येणार नाही. पण आज खर्च वाचत नाही, तो ढकलला जातो. बिल्डर तो पालिकेवर ढकलतो, पालिका कोट्यवधींच्या सुशोभीकरणावर आणि उपशावर तो करते, आणि खरी किंमत कोळी, ढीमर कुटुंबे, तळ्याकाठच्या विहिरींवर जगणारी वस्ती आणि दुर्गंधीत राहणारी गरीब घरे मोजतात. भार मोजून आकार लावला तर छोट्या आणि परवडणाऱ्या घरांना सवलत देता येते, त्यांची भरपाई सार्वजनिक पाणथळीतून करता येते, आणि जास्तीचा वाटा मोठ्या प्रकल्पांकडून घेता येतो. ‘खरा दोषी शेतीतले खत आहे’ असेही म्हटले जाते. नदीच्या मोठ्या खोऱ्यात शेतीचा वाटा मोठा आहे, हे मान्य. पण हनुमानतालच्या भोवती शेते नाहीत. शिवाय हजारो शेतांतून झिरपणारे खत रोखायला पिढी लागते. नव्या कॉलनीचा नकाशा मात्र एका टेबलावर मंजुरीला येतो. तो क्षण पुन्हा येत नाही, कारण पाइप पुरले गेले की पन्नास वर्षे पाणी त्याच दिशेला जाणार.

जबलपूरला हे करायला आताची वेळ योग्य आहे. शहर २०१६ च्या पहिल्या यादीतच स्मार्ट सिटी झाले, आणि आता शंभर किलोमीटरहून लांब रिंगरोड आकाराला येत असताना त्याच्या कडेने नव्या वसाहती उभ्या राहणार. त्याआधी प्रत्येक तलावाचे आणि छोट्या नदीचे पाणलोट क्षेत्र नकाशावर आखावे, दर महिन्याला त्यातले नत्र आणि स्फुरद मोजून आकडे जाहीर करावेत, आणि त्या पाण्याला वर्षाला किती किलो सोसते ते ठरवावे. मर्यादा ओलांडलेल्या पाणलोटात नव्या लेआउटला ‘भर शून्य’ ही अट असावी, मग बांधकाम २० हजार चौरस मीटर असो वा दोन हजार. बांधकाम चालू असताना उघड्या मातीबरोबरही स्फुरद वाहून जाते, म्हणून पहिल्या पावसाआधी गाळसापळे सक्तीचे करावेत. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे प्रक्रिया केलेले पाणी तळ्यात सोडूच नये. ते जमिनीला द्यावे. नागपूरच्या भांडेवाडीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला पुरवले जाते. तिथून जबलपूर एका रात्रीच्या प्रवासावर आहे. जबलपूरच्या भोवती शेती आहे, १९६४ पासूनचे जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ आहे, आणि देश डीएपी व त्याचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात परदेशातून आणतो. कडक तपासणीनंतर हे पाणी चारा, झाडे आणि पिकांना दिले, डेअऱ्यांचे शेण बायोगॅस आणि खताकडे वळवले, तर जे तळ्यात विष ठरते ते रानात पीक होईल.

तळी बुजवणाऱ्यांना आपण दोष देतो. पण तळे जिवंत असताना त्याच्या तोंडात रोज जास्तीचे खत कोंबणेही त्याला मारणेच आहे, फक्त संथ. घर घेताना पाणी किती तास येते हे आपण विचारतो. यापुढे सांडपाणी कुठे जाते, त्यातले नत्र-स्फुरद कोण मोजतो, हेही बिल्डरला आणि पालिकेला विचारा, आणि लेखी उत्तर मागा. ज्या नकाशावर हे उत्तर नाही, त्या नकाशावर मंजुरीचा शिक्का बसू नये. जबलपूरने हा नियम आधी केला, तर रंकाळ्यापासून पवनेपर्यंत महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहराला तो उचलता येईल.